टास्क मॅनेजर म्हणतो ३० टक्के, तरी आवाज तडतडतोच: घरच्या रेकॉर्डिंगमधला प्रोसेसर ओव्हरलोड

लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. प्ले केलं की हेडफोनमध्ये अधूनमधून चट्-चट् ऐकू येतं, ट्रॅक वाढले की त्याची खरखर होते, मधेच आवाज तुटतो, आणि शेवटी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ओव्हरलोडची सूचना दाखवून थांबतं. चार प्लगिन (आवाजावर परिणाम करणारे किंवा वाद्य वाजवणारे जोड-प्रोग्राम) बंद केले की तेवढ्यापुरतं भागतं. पुढच्या प्रोजेक्टला पुन्हा तेच. मग कुणीतरी सल्ला देतं की लॅपटॉप बदल. म्हणून टास्क मॅनेजर उघडून बघावं तर प्रोसेसर ३० टक्क्यांवर निवांत, आणि आता तर काहीच कळेनासं होतं.

टास्क मॅनेजरचा आकडा बरोबरच असतो, पण आपल्या उपयोगाचा नसतो. सॉफ्टवेअर आवाज सलग तयार करत नाही, तुकड्यातुकड्यांनी करतं. हा तुकडा म्हणजे बफर. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं, म्हणजे सॅम्पल) ४८,००० आणि बफर १२८ सॅम्पलचा असेल, तर एका तुकड्याला २.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात सगळे ट्रॅक वाचायचे, सगळे प्लगिन चालवायचे, मिक्स करायचं आणि तयार आवाज ड्रायव्हरच्या, म्हणजे साउंड उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात द्यायचा. २.८ मिलिसेकंद लागले की चट् झालंच. त्याआधीचा आणि नंतरचा सगळा वेळ प्रोसेसर रिकामा बसला होता, याने काही फरक पडत नाही. पंगतीत स्वयंपाक कितीही मुबलक असो, वाढपी वेळेवर ओळीच्या टोकाला पोचला नाही तर तिथलं पान रिकामंच राहतं.

टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागांची) आणि तीही सेकंदभराची सरासरी काढतो, त्यात हे २.७ मिलिसेकंद कुठे दिसणार? शिवाय एका ट्रॅकवरचे प्लगिन एकामागून एकच चालतात. पहिल्याचं काम संपल्याशिवाय दुसऱ्याला आवाज मिळत नाही, म्हणून एका ट्रॅकची साखळी आठ कोअरवर वाटता येत नाही. आठांपैकी एकच कोअर पूर्ण भरला तर एकूण आकडा दिसेल १२.५ टक्के. सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या मास्टर ट्रॅकचंही तसंच, तिथल्या प्लगिनना बाकी सगळ्यांचं काम संपेपर्यंत थांबावं लागतं. 'माझ्याकडे इतके कोअर आहेत, मग असं का?' याचं निम्मं उत्तर इथे मिळतं.

आधी आकडा बघा, मग हात लावा

इथून पुढे मी रीपर हे सॉफ्टवेअर धरून लिहितो. साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं, म्हणून घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांत ते बरंच दिसतं. (विनॅम्प आठवत असेल तर, तो बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे काम.) व्ह्यू मेन्यूत परफॉर्मन्स मीटर आहे, कंट्रोल-ऑल्ट-पी दाबूनही उघडतो. त्यात साधा सीपीयू आकडा सोडून द्या आणि आरटी (रिअलटाइम) सीपीयू बघा. बफरला मिळालेल्या वेळेपैकी किती वेळ खर्च होतोय, हे तो सांगतो. शेजारी लाँगेस्ट-ब्लॉक असतो, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ खाणारा तुकडा. त्याखेरीज दोन मोजण्या: आरटी एक्सरन, म्हणजे आवाज किती वेळा वेळेत तयार झाला नाही, आणि मीडिया एक्सरन, म्हणजे तो डिस्कवरून किती वेळा वेळेत आला नाही.

तडतड होत असताना हे चार आकडे बघितले की दिशा ठरते. आरटी सीपीयू ७०–८० टक्क्यांच्या वर राहत असेल तर दोष प्रोजेक्टच्या आत आहे: प्लगिन, बफर, सॅम्पल रेट. आरटी सीपीयू एरवी १०–१५ टक्क्यांवर आहे पण लाँगेस्ट-ब्लॉक मधूनच उडी मारतोय, तर बहुतेक वेळा बाहेरचं कुणीतरी प्रोसेसर अडवतंय: वायफायचा ड्रायव्हर, वीजबचत, उष्णता. आणि मीडिया एक्सरन वाढत असतील तर डिस्ककडून आवाज वेळेवर येत नाहीये. हे न बघता प्लगिन बंद करत सुटणारे लोक महिनोन्‌महिने तेच करत राहतात, कारण त्यांचा त्रास मुळात प्लगिनचा नसतोच.

ड्रायव्हर कोणता चाललाय

विंडोजवर असाल तर ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस इथे जाऊन ऑडिओ सिस्टीमच्या जागी काय निवडलंय ते बघा. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली एएसआयओ पद्धत विंडोजच्या नेहमीच्या मिक्सरला वळसा घालून थेट इंटरफेसशी (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या डब्याशी) बोलते, तीच हवी. तुमच्या यूएसबी इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. केबल लावल्यावर विंडोज आपोआप जे बसवतं, त्यावर राहू नका. एएसआयओ-फोर-ऑल हा जुगाड लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डासाठी ठीक आहे. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे, त्यामुळे चांगला इंटरफेस असताना तो निवडण्यात काही अर्थ नाही. मॅकवर कोअर ऑडिओ ही ॲपलची अंगभूत व्यवस्था असल्याने ही भानगड उद्भवत नाही.

बफर: एकच आकडा दोन्ही कामांना चालत नाही

४८,००० सॅम्पल रेटला २५६ चा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३. गाणारा किंवा वाजवणारा माणूस सॉफ्टवेअरमधून स्वतःला ऐकत असेल तर १२८ किंवा २५६ वर राहा. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंग सुरू झालं की सरळ १०२४ करा. मिक्स करताना आवाज कमी-जास्त करायचा फेडर हलवल्यावर २१ मिलिसेकंदांनी फरक ऐकू आला तर काय बिघडतं? तरीही कित्येक जण ६४ वर बसून तीस-तीस ट्रॅक मिक्स करतात आणि प्रोसेसरला शिव्या देतात.

१०.७ मिलिसेकंद किती मोठे, याचा अंदाज असा येईल: तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे बारा फूट जातो. बारा फुटांवरच्या तबलजीबरोबर आपण सहज गातो. पण स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये तेवढ्या उशिरा आला तर गायक गोंधळतो, कारण हाडांमधून तो आधीच कानात पोचलेला असतो. यावर बफर कमी करण्यापेक्षा स्वस्त तोड म्हणजे इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग. ते बटण दाबलं की माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला मिळतो. मग रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा आणि बफर ५१२ ठेवा. गायकाला उशीर शून्य, प्रोसेसरला दम घ्यायला वेळ. हेडफोनमध्ये रिव्हर्ब (घुमारा) हवाच असा हट्ट असेल तर मात्र हा मार्ग नाही.

इथेच एक फसवणूक होते. मास्टरवर पुढचं बघून काम करणारा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) किंवा लिनिअर फेज इक्वलायझर (आवाजाचा पोत बदलणाऱ्या इक्वलायझरचा एक जड प्रकार) बसवलेला असतो. असे प्लगिन आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, आणि सगळं एका रेषेत ठेवायला सॉफ्टवेअर बाकीच्या ट्रॅकनाही तेवढंच मागे खेचतं. रेकॉर्ड करताना उशीर जाणवतो, म्हणून आपण बफर ५१२ वरून १२८ वर आणतो, मग ६४ वर. उशीर फारसा हलत नाही, ओव्हरलोड मात्र सुरू होतो. रीपरच्या एफएक्स खिडकीत खाली डाव्या बाजूला सीपीयूच्या आकड्याशेजारी सॅम्पलचा आकडा असतो. तिथे हजारोंच्या घरातला आकडा दिसला की चोर सापडला. रेकॉर्डिंग चालू असताना मास्टरवर काहीच ठेवू नका. मास्टरिंगची साखळी गाणं पूर्ण होण्याआधी लावायची सवय यूट्यूबवरच्या शिकवण्यांनी लावलीय, ती सोडलेली बरी.

कोण किती खातं

अभंगाचा एक नेहमीचा प्रोजेक्ट घेऊ. गायकाचा ट्रॅक, कोरसचे चार, माइकवर घेतलेली पेटी, सॅम्पलचा तबला आणि पखवाज, टाळ, तानपुऱ्याचा प्लगिन, मागे स्ट्रिंग्ज. प्रत्येक गायन ट्रॅकवर वेगळा कन्व्होल्यूशन रिव्हर्ब (खऱ्या जागेच्या घुमाऱ्याची नक्कल करणारा) टाकलाय. हा प्रोजेक्ट मध्यम लॅपटॉपवर गुदमरला तर नवल नाही, आणि त्याला हलकं करायला ध्वनीत कसलीही तडजोड करावी लागत नाही.

सुरुवात रिव्हर्बपासून. पाच ट्रॅकवरचे पाच रिव्हर्ब काढा, एक नवा ट्रॅक करून त्यावर एकच ठेवा आणि पाचही ट्रॅक त्याला सेंड करा, म्हणजे त्यांच्या आवाजाची प्रत तिकडे पाठवा. पाच रिव्हर्बचं काम एकावर येतं, वर सगळे गायक एकाच देवळात उभे असल्यासारखे ऐकू येतात, जे अभंगाला हवंच असतं. ट्रॅक-ट्रॅकला वेगळा रिव्हर्ब लावण्याला काही कारण असेल तर लावा, पण बहुतेकदा नसतं.

तानपुरा प्लगिन म्हणून जिवंत ठेवायचं कारण मला कधीच समजलं नाही. पट्टी ठरली की त्याची चार-पाच मिनिटांची ऑडिओ फाइल करून घ्या आणि प्लगिन काढून टाका. ऑडिओ फाइल वाजवायला प्रोसेसरला जवळजवळ काहीच लागत नाही. सॅम्पलचा तबला आणि स्ट्रिंग्ज यांच्यासाठी फ्रीझ आहे: ट्रॅकवर राइट-क्लिक करून फ्रीझ निवडलं की सॉफ्टवेअर त्याची ऑडिओ बनवतं आणि प्लगिन बाजूला ठेवतं. बोल बदलावासा वाटला की अनफ्रीझ. लोक फ्रीझला घाबरतात, जणू गाणं कायमचं गोठेल.

मग एकेका प्लगिनची झडती. परफॉर्मन्स मीटरमध्ये ट्रॅकनिहाय खर्च दिसतो, एफएक्स खिडकीत प्लगिननिहाय. गिटारचे अँप सिम्युलेटर, लिनिअर फेज इक्वलायझर, जुन्या ॲनालॉग यंत्रांची नक्कल करणारे कम्प्रेसर (आवाजातले चढउतार आटोक्यात ठेवणारे) आणि ज्यांत ओव्हरसॅम्पलिंगचं बटण आहे असे सगळे, हे पहिले संशयित. ओव्हरसॅम्पलिंग आठपट केलं की प्लगिनला आठपट सॅम्पल मोजावे लागतात. ते दुप्पटीवर आणा किंवा बंद करा. बऱ्याच प्लगिनमध्ये अंतिम रेंडरलाच (गाण्याची शेवटची फाइल बनवतानाच) जास्त ओव्हरसॅम्पलिंग लावायची सोय असते, ती शोधा. साध्या कामाला रीपरचे स्वतःचे इक्वलायझर आणि कम्प्रेसर भरपूर आहेत. दिसायला ओबडधोबड, पण अतिशय हलके.

रेकॉर्डचं लाल बटण दाबून ठेवलेले ट्रॅक हा न दिसणारा खर्च आहे. रीपर नेहमीच्या ट्रॅकचं काम थोडं आधीच उरकून ठेवतो, याला तिथे अँटिसिपेटिव्ह एफएक्स म्हणतात. पण ज्या ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू आहे त्याचा आवाज आत्ता येतोय, तो आधी कसा उरकणार? म्हणून असे ट्रॅक दर बफरला ताजे मोजावे लागतात. गाऊन झालेल्या आठ ट्रॅकचं लाल बटण तसंच राहिलं असेल तर आधीच उरकण्याची सगळी सोय वाया जाते. एका क्लिकचं काम आहे, आणि कधी कधी एवढ्यानेच तडतड थांबते.

सॅम्पल रेट ९६,००० असेल तर तो कशासाठी, हे स्वतःला विचारा. तोच १२८ चा बफर ४८,००० ला २.७ मिलिसेकंद देतो, ९६,००० ला १.३. काम दुप्पट, फाइली दुप्पट. घरातल्या खोलीत, पंख्याच्या आणि रिक्षांच्या आवाजात घेतलेल्या गायनाला त्याचा फायदा ऐकू येईल असं मला वाटत नाही. व्हिडिओसाठी ४८,०००, नुसत्या गाण्यासाठी ४४,१०० पुरतात.

एक गंमतशीर दुखणं जुन्या प्लगिनमध्ये आढळतं. गाणं थांबवलं, सगळं शांत झालं, आणि सीपीयू उलट वर चढला. रिव्हर्बची शेपटी विरत जाते तेव्हा आकडे शून्याकडे सरकत इतके बारीक होतात की प्रोसेसरला ते हाताळायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. या आकड्यांना डीनॉर्मल म्हणतात. आताचे प्लगिन त्यांना सरळ शून्य धरतात. जुन्या फुकट प्लगिनमध्ये हे दिसलं तर प्लगिन बदला, किंवा त्याच्या आधी ऐकू न येण्याइतका बारीक नॉइज सोडा.

दोष बाहेर असेल तर

आता ज्यांचा आरटी सीपीयू शांत आहे त्यांच्यासाठी. लेटन्सीमॉन नावाचं विंडोजचं साधन घरगुती वापराला मोफत आहे. रीपर बंद करून ते दहा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला सगळ्यात जास्त वेळ अडवून धरतो, हे तो नावानिशी सांगतो. एनडीआयएस डॉट सिस दिसलं तर नेटवर्क, म्हणजे घरच्या लॅपटॉपवर बहुधा वायफाय. एअरप्लेन मोड लावून बघा. तडतड थांबली तर वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीकडून नवा घ्या आणि तोवर वायफाय बंद करून रेकॉर्ड करा. फाइलचं नाव एनव्ही अक्षरांनी सुरू होत असेल तर बहुधा एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर. एसीपीआय डॉट सिस असेल तर बॅटरी आणि वीज-व्यवस्थापन, आणि हे सगळ्यात चिवट, कारण त्याचा उपाय बऱ्याचदा लॅपटॉपच्या बायोस अपडेटमध्येच असतो.

विजेचा विषय निघालाच आहे. विंडोजमध्ये पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावं, अशा अर्थाची खूण असते, ती काढा. इंटरफेस मधेच गायब होण्याचा त्रासही त्याने थांबतो. इंटरफेस लॅपटॉपच्या पोर्टलाच लावा, स्वस्त हबला नको.

आपल्याकडच्या घरांत याला एक वेगळीच पुस्ती जोडलेली असते. जुन्या वायरिंगला अर्थिंग धड नसतं, चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये घूं असा आवाज येतो आणि लॅपटॉपच्या धातूला हात लावला तर झिणझिण्या येतात. चार्जर काढला की घूं गायब. म्हणून लोक बॅटरीवर रेकॉर्ड करतात. पण बॅटरीवर गेल्याबरोबर लॅपटॉप प्रोसेसरचा वेग खाली आणतो आणि तडतड सुरू होते. गुणगुण घालवायला केलेला उपाय ओव्हरलोड घेऊन येतो, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. खरा उपाय वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणं, तीन पिनांचा चार्जर तीन पिनांच्याच सॉकेटला लावणं आणि शक्य तिथे बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण कमी पकडणारी) वापरणं. वीज गेल्यावर चालू टेक अचानक तडतडू लागतो तोही याच कारणाने.

उष्णतेचंही असंच. माइकमध्ये आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, एप्रिल-मे महिना, आणि लॅपटॉप गादीवर. पहिला अर्धा तास सगळं सुरळीत, नंतर तडतड. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. 'सकाळी चालत होतं, दुपारी चालत नाही' अशी तक्रार असेल तर प्लगिनच्या मागे लागण्याआधी लॅपटॉप लाकडी टेबलावर, खालून हवा खेळेल असा ठेवा, दोन टेकच्या मध्ये पंखा लावा, आणि चार-पाच वर्षांचा लॅपटॉप असेल तर आतली धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्या. हजारभर रुपयांच्या आसपासचं काम नव्या लॅपटॉपचा विचार बऱ्याचदा पुढे ढकलतं.

डिस्कचा त्रास असेल, म्हणजे मीडिया एक्सरन वाढत असतील, तर प्रोजेक्ट कुठे साठतोय ते तपासा. डॉक्युमेंट्स फोल्डरवर वनड्राइव्हचं बॅकअप चालू असेल तर तुम्ही गात असतानाच ती फाइल वर चढवली जात असते. प्रोजेक्टसाठी वेगळा फोल्डर करा, तो वनड्राइव्हच्या बाहेर ठेवा. सॅम्पलची मोठी लायब्ररी फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर ती एसएसडीवर हलवा.

दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. लॉजिक प्रोमध्ये निवडलेला जिवंत ट्रॅक एका कोअरवर सगळा भार टाकतो, म्हणून जड वाद्याचा ट्रॅक निवडून प्ले करू नका, एखादा रिकामा ऑडिओ ट्रॅक निवडा. क्यूबेसमध्ये एएसआयओ-गार्ड चालू ठेवा, एफएल स्टुडिओमध्ये स्मार्ट डिसेबल. एबलटनमध्ये फ्रीझ आहेच.

रिअलटाइम प्रायॉरिटी, रजिस्ट्रीतले बदल, 'गेम बूस्टर' असल्या गोष्टींपासून लांब राहा. टास्क मॅनेजरमधून रीपरला रिअलटाइम प्रायॉरिटी दिली तर माऊस-कीबोर्डसुद्धा अडकू शकतो. पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम असा ठेवा: हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, मग रॅम ८ वरून १६ जीबी, आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी. तो घेताना कोअर किती हे बघण्याआधी एका कोअरचा वेग बघा.

आणि सगळं सुरळीत चाललेल्या दिवशी ड्रायव्हरच्या आवृत्त्या, बफर आणि पॉवर मोड कुठेतरी लिहून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी तडतड परत आली, तर पहिला संशय विंडोज अपडेटवर घ्या. ते मधूनच ग्राफिक्सचा किंवा वायफायचा ड्रायव्हर बदलून जातं. लिहिलेल्या यादीशी ताडून बघितलं की बदल झालेली एक ओळ पाच मिनिटांत सापडते. डिव्हाइस मॅनेजरमधल्या रोल बॅक ड्रायव्हरने जुना ड्रायव्हर परत आणता येतो. ते बटण पुसट दिसत असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून जुनी आवृत्ती उतरवून हाताने बसवा.